चढावर उतरलेली माणसं

माझे सासरे बस चालवायचे आणि माझा नवरा महापालिकेच्या वाहतूक विभागात बसून बस किती डिझेल पितात ते मोजायचा. एकाच गाडीवर पोट असलेली दोन माणसं एका घरात राहत होती, पण त्या गाडीबद्दल दोघांत अवाक्षर निघत नसे. बाबा मुळातच कमी बोलणारे. मुलगा त्यांच्या अगदी उलट. तो इतका बोलतो की त्यातलं कामाचं कोणतं हे निवडण्यात माझा संसार गेला, आणि अजून निवडणं चालूच आहे.

बाबांची गाडी म्हणजे टेकडीची गाडी. आमच्या चौकातून निघायची, दवाखाना, शाळा करत टेकडीच्या पायथ्याशी यायची आणि तिथून वळणं घेत वरच्या वस्तीत. वरची वस्ती म्हणजे एकेकाळच्या दगडखाणीतल्या कामगारांची घरं. खाण बंद पडली, घरं राहिली. आता तिथे दवाखान्याच्या धुलाईखान्यात कामाला जाणाऱ्या बायका राहतात, काही सुतार राहतात आणि पुष्कळशी म्हातारी माणसं राहतात, ज्यांची मुलं लांबच्या गावांहून सुट्टीत फोन करतात.

डेपोत बाबांना सावकाशराव म्हणायचे. गाडी उशिरा आणायचे म्हणून नव्हे, उशीर त्यांना माहीतच नव्हता. पण स्टॉप लांबून दिसला की ते अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलायचे आणि गाडी आपली आपण घरंगळत येऊन नेमकी खांबापाशी थांबायची. उभ्या माणसाचा तोल जायचा नाही, मांडीवरचं मूल जागं व्हायचं नाही. “ब्रेक जोरात दाबायला लागला म्हणजे आधी कुठेतरी आपलं चुकलं,” असं ते मला एकदा म्हणाले होते. एवढं लांब वाक्य ते सहसा बोलत नसत, म्हणून लक्षात राहिलं.

त्या गाडीत एक गंमत होती. कंडक्टर कधीच कमी केलेला, तिकिटाचं यंत्र मागच्या दाराशी. चढायचं मागून, उतरायचं मधल्या दाराने. पुढे काचेच्या आड बाबा, आणि काचेवर पाटी की चालकाशी बोलू नये. ही पाटी ज्या कोणी लावली त्याने बाबांना ओळखून लावली असावी. त्यामुळे व्हायचं असं की बाबांना आरशात सगळी माणसं दिसायची, अगदी कोणाच्या डोळ्याला सूज आहे आणि कोण आज नवीन बूट घालून आलंय इथपर्यंत. पण माणसांना बाबांची फक्त मान दिसायची. रुंद, उन्हाने रापलेली, मधोमध आडवी घडी आणि घडीखाली चांगला वाटाण्याएवढा चामखीळ.

तर अशा घरात माझ्या नवऱ्याने हायब्रिड मोटार आणली.

मोटार चांगलीच होती, खोटं कशाला बोलू. पण तिच्याबरोबर घरात अ‍ॅव्हरेज नावाचं एक नवीन माणूस राहायला आलं. सकाळी उठलं की अ‍ॅव्हरेज, जेवताना अ‍ॅव्हरेज. काल लिटरला इतकं पडलं, आज जरा घसरलं, तू दार आपटलंस म्हणून असेल. वजन नको म्हणून त्याने डिकीतली छत्री काढली, पाण्याची बाटली काढली, आणि एक दिवस माझ्याकडे बघून म्हणाला, “पर्स जरा हलकी ठेवत जा ना.” मी म्हटलं, “मग मलाच उतरव आणि पर्सला फिरवून आण.” त्यावर तो खरोखर क्षणभर विचारात पडला.

पहिल्याच रविवारी त्याने बाबांना शेजारी बसवलं, मला मागे टाकलं आणि गाडी सरळ टेकडीकडे घेतली. बापाच्याच रस्त्यावर जाऊन बापाला दाखवायचं, हा त्याचा लहानपणापासूनचा स्वभाव. चढताना बाबा गप्प होते. उतार लागला आणि इंजिनाचा आवाज एकदम गेला. बाबांचा उजवा पाय नसलेला ब्रेक शोधायला लागला.

“बंद पडली,” ते म्हणाले.

“बंद नाही पडली बाबा, झोपलीय. इकडे बघा.”

समोरच्या पडद्यावर गाडीचं छोटं चित्र होतं आणि चाकांकडून बॅटरीकडे हिरवे बाण धावत होते. नवरा समजावून सांगत होता. उतारावर चाकं आपोआप फिरतात, त्या फिरण्याची वीज होते, ती साठते. ब्रेक हलका दाबला तरी गाडी त्या वीज करण्यातूनच हळू होते. मग खाली सपाटीला इंजिनाऐवजी तीच वीज वापरायची. बाबा बाणांकडे एकटक बघत होते.

“म्हणजे चढताना घेतलेलं उतरताना परत देते?”

“सगळं नाही. पण बरंच देते.”

“परत वर घे,” बाबा म्हणाले.

आम्ही परत वर गेलो, परत खाली आलो. ते म्हणाले, अजून एकदा. तिसऱ्या वेळी त्यांनी खिडकीची काच खाली करून कान बाहेर काढला. पायथ्याशी गाडी थांबली तसे ते उतरले आणि चाकाजवळ वाकून त्यांनी तळहात धरला. टेकडी उतरून आल्यावर बसच्या चाकाशी असा हात धरायची त्यांची रोजची सवय होती. तिथे धग लागायची, जळका वास यायचा. इथे चाक जेमतेम कोमट होतं. बाबा तसेच वाकून राहिले. मला वाटलं, कंबरेत उसण भरली की काय.

“इतकी वर्षं हा उतार मी नुसता तापवून फुकट घालवला रे,” ते म्हणाले. आवाजात दुःख नव्हतं. लहान मुलाला पहिल्यांदा आरसा दाखवला की त्याचा चेहरा जसा होतो, तसा त्यांचा झाला होता. घरी येईपर्यंत ते फक्त एकच वाक्य बोलले. “हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला एकदा बघायला पाहिजे.”

आपल्या पोटावर पाय देणारी वस्तू हीच आहे, हे त्या दिवशी त्यांना माहीत नव्हतं. माझ्या नवऱ्याला मात्र थोडंफार माहीत होतं.

पुढच्याच महिन्यात डेपोच्या फळ्यावर सूचना लागली. टेकडीची बस बंद करण्याचा प्रस्ताव आहे, तिच्याऐवजी हायब्रिड मोटारी ठेवाव्यात, लोकांनी फोनवर गाडी बोलवावी, दारात येईल. खाली प्रस्ताव तयार करणाऱ्यांत बाबांच्याच चिरंजीवांचं पदनाम. बाबांनी ते इतर ड्रायव्हरांच्या घोळक्यात उभं राहून वाचलं. घरी येऊन हातपाय धुतले, जेवायला बसले, आणि सूप संपल्यावर विचारलं, “तू केलंस?”

“मी केलं,” नवरा म्हणाला. त्याचं तोंड चोरासारखं झालं होतं, पण त्याने नजर खाली घातली नाही, हे मात्र मी पाहिलं. “बाबा, आकडा खोटा नाही. दुपारच्या फेरीला एवढं मोठं धूड वर चढतं ते तीन-चार डोक्यांसाठी. तेवढीच माणसं माझ्या गाडीतून नेली तर प्रत्येकाच्या वाट्याचं इंधन कितीतरी कमी होतं.”

माझ्या हातातला डाव जरा जोरात भांड्यात पडला. मी म्हटलं, “वरच्या आजीबाईंना फोनवर गाडी बोलवता येते का? आणि सकाळी धुलाईखान्याच्या सगळ्या बायका एकदम निघतात, त्यांच्यासाठी मोटारींची वरात काढणार का?”

“ते नंतर आराखड्यात बघू,” तो म्हणाला. त्याला उत्तर माहीत नसलं की तो आराखड्यात बघतो.

मला वाटलं, आता बाबा उठून जातील, निदान ताट तरी सारतील. ते पाव चावत होते. “खोटं कोण म्हणतंय? मला आरशात रोज दिसतं,” ते म्हणाले. “आणि गाडी भरली तर?”

नवऱ्याचा चेहरा उजळला. आकड्याचा प्रश्न आला की त्याला बाप काय, बायको काय, काही आठवत नाही. “भरली तर प्रश्नच मिटला! भरलेली बस माझ्या मोटारीला पाणी पाजेल. हायब्रिड असली म्हणून काय झालं, एवढी माणसं एका इंजिनावर नेणं तिच्या बापाला जमणार नाही. पण तुमची गाडी भरत नाही ना, बाबा.”

“शेवटची मोजणी कधी?”

“पुढच्या आठवड्यात. सहा दिवस. मलाच करायचीय.”

“बरं,” बाबा म्हणाले आणि त्यांनी अजून एक पाव घेतला.

दुसऱ्या दिवशी त्यांची सुट्टी होती. मी शाळेतून आले तर ते कोट घालून दाराशी उभे. “सूनबाई, वर येतेस का? वस्तीत. लोकांना सांगायचंय, आठवडाभर बसने या म्हणून. मला काही बोलता येत नाही.” मी भूगोल शिकवते, बोलणं हाच माझा धंदा. मी चप्पलसुद्धा काढली नाही.

पहिलं दार सुताराचं. त्याने बाबांकडे बघून विनयाने विचारलं, “कोण आपण?” बाबा म्हणाले, “नमस्कार,” आणि तिथेच त्यांचं भाषण संपलं. मग मी बोलले. बाबा माझ्या कानाशी पुटपुटत होते, “यांच्या आईचा हात गळ्यात बांधलेला होता, आता कसा आहे विचार.” मी विचारलं. सुतार चकित झाला, आईचा हात आम्हाला कसा माहीत म्हणून. दुसऱ्या घरातही तसंच. बाबांना सगळ्यांची सगळी खबर, आणि त्यांना कोणी ओळखत नव्हतं. इतकी वर्षं ज्यांना रोज घरी पोचवलं ती माणसं दारातून विचारत होती, काय विकायला आलात. माझं डोकं फिरायची वेळ आली होती.

तिसऱ्या घरात काठी घेतलेल्या एक आजी होत्या. त्यांनी आम्हाला साबणवाले समजून, “काही नको,” म्हणत दार लोटायला घेतलं. बाबा निमूट मागे वळले, पायऱ्या उतरायला लागले. आणि पाठीमागून आजी ओरडल्या, “थांबा! अगं ए, बाहेर ये! ही तर आपल्या गाडीवाल्याची मान!”

शेजारची दोन दारं उघडली. कुणीतरी म्हणालं, “हो की, चामखीळ बघ.” कुणी म्हणालं, “चेहरा असाय होय! मला वाटलं होतं मिशा असतील.” सगळ्यांना खात्री करून घ्यायची होती, म्हणून बाबांना दोनतीनदा इकडून तिकडे वळावं लागलं. त्यांचे कान लाल झाले होते. पुढच्या घरांत मी वेळच घालवला नाही. दार उघडलं की म्हणायचे, “बाबा, वळा.” काम फत्ते.

एका घरापुढे मोटार उभी होती. तिचा मालक म्हणाला, “मी बसने कधीच जात नाही. पण बंद होऊ देऊ नका हं. आमची गाडी बिघडली तर बस आहे, म्हणून तर इथे निर्धास्त राहतो आम्ही.” मी म्हटलं, “बस म्हणजे काय तुमची खुंटीवरची छत्री आहे? वापरली नाही तर ती खुंटीसुद्धा काढून नेणार आहेत.” बाबांनी माझी बाही ओढली. पण तो माणूस रागावला नाही, विचारात पडला.

मोजणी सुरू झाली. नवरा हातात ते चिमुकलं दाबायचं यंत्र घेऊन मागच्या सीटवर बसायचा. माणूस चढला की टक. त्याने एकही टक जास्त मारला नाही आणि एकही कमी मारला नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. संध्याकाळी घरी दोघं एकत्रच यायचे, जेवायचे, आणि मोजणीबद्दल कोणी तोंड उघडायचं नाही. मी एकदाच विचारलं. नवरा म्हणाला, “वाढलीत. पण पुरेशी नाहीत.” बाबा नुसते मान हलवून झोपायला गेले.

शेवटच्या दिवशी सकाळची फेरी रिकामी गेली. दुपारची त्याहून रिकामी. रोज येणारी माणसंसुद्धा फिरकली नाहीत. मी मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी उभी होते. गाडी समोरून गेली, आत नवरा एकटा, पांढराफटक पडलेला. काचेमागे बाबा सरळ बघत होते. दारादारांत जाऊन मी काय बडबड केली होती, ती सगळी वाऱ्यावर गेली असं वाटलं आणि वरच्या वस्तीतल्या एकूण एक माणसाला मी मनातल्या मनात शिव्या घातल्या.

झालं होतं ते वेगळंच. वस्तीत कुणीतरी पिल्लू सोडलं की साहेबलोक शेवटची फेरीच धरतात, बाकीची मोजणी नुसती दाखवायची. कुणी सोडलं ते अजून कळलेलं नाही. पण त्यावर सगळ्यांचं एकमत झालं. सकाळची गाडी सोडून दिली, पायी खाली उतरले, दिवसभराची कामं त्याच हिशेबाने केली, आणि संध्याकाळच्या फेरीला झाडून सगळे चौकात हजर. धुलाईखान्याच्या बायका, सुतार, मोटारवाला आणि त्याचे आईवडील, ज्यांना त्या दिवशी गावात काडीचंही काम नव्हतं अशी म्हातारी माणसं, काठीवाल्या आजी. सहा दिवसांत विभागून यायचं ते सगळे एकाच गाडीला आले. ही अक्कल बघून कपाळाला हात लावावा की काय करावं मला कळेना. नवऱ्याने लावलाच. मग टक टक टक सुरू झालं ते थांबेचना.

मीही चढले. आत हलायला जागा नव्हती. पायथा आला, पहिली वळणं गाडीने कशीबशी घेतली. ती जुनी गाडी वर चढताना कधी एवढी ठासून भरलेली नव्हती. तिला हे वजन माहीतच नव्हतं. मग मधलं खडं वळण आलं. इंजिन घरघरलं, सगळं अंग थरथरलं, आणि गाडी जागच्या जागी थांबली. बाबांनी हातब्रेक ओढल्याचा आवाज आला.

अजून रेटलं असतं तर क्लच जळाला असता आणि डिझेलचा धूर झाला असता. म्हणजे गाडी भरली म्हणून जिंकायचं, आणि भरली म्हणूनच हरायचं. सगळे त्या मानेकडे बघत होते.

बाबांनी पाठीमागची काच सरकवायला घेतली. ती सरकेना, कधी उघडलेलीच नव्हती. त्यांनी मुठीने दोन ठोसे घातले तेव्हा ती बोटभर हलली, मग वीतभर. ते वळले. घामाने चेहरा निथळत होता.

“माफ करा,” ते म्हणाले. “ओढत नाहीये. थोडी माणसं जर उतरली...”

पुढचं वाक्य त्यांना बोलावंच लागलं नाही. मधलं दार उघडलं, मागचं उघडलं आणि माणसं उतरायला लागली. थोडी नाही, सगळी. कुणी कुणाला सांगत नव्हतं की तू उतर, मी बसतो. काठीवाल्या आजी दाराशी आल्या तसे बाबा काचेतून ओरडले, “आजी, तुम्ही बसा!” आजी म्हणाल्या, “का? माझं वजन नाही होय?” आणि सुताराच्या खांद्यावर हात टाकून खाली उतरल्या.

रिकामी गाडी हळूच सुटली आणि वळणाआड वर गेली. मागे रस्ताभर माणसं. ऊन उतरलं होतं, टेकडीची सावली आमच्या अंगावर होती. बायकांच्या हातात पिशव्या, कुणाच्या कडेवर मूल, दिवसभर उभ्याने काम करून सुजलेले पाय. कुणी कुरकुर केली नाही. नवरा हातात यंत्र घेऊन त्यांच्यात चालत होता, ते दाबायचं की नाही हे न कळून. धुलाईखान्याची एक बाई त्याला म्हणाली, “साहेब, आम्ही बसमध्येच आहोत असं धरा हं!” हसू पुढून मागे पसरत गेलं. धापा टाकत हसत होते सगळे.

मी वळणावर थांबून खाली पाहिलं. एकामागे एक, दोघं-दोघं, हात धरून, टेकत, थांबत, परत चालत येत होती माणसं. एक बस चढावी म्हणून. मी बरीच वर्षं भूगोल शिकवते, डोंगर कसे झाले ते मुलांना न अडखळता सांगते. पण माणसं असं काही करू शकतात हे मला ठाऊक नव्हतं. मला कुणाच्या तरी पाया पडावंसं वाटत होतं आणि नेमकं कुणाच्या ते समजत नव्हतं.

वर सपाटीला गाडी उभी होती. इंजिन बंद, दारं उघडी. बाबा मागच्या दाराशी खाली उभे होते आणि येईल त्याला हात देऊन आत चढवत होते. शेवटचा स्टॉप तिथून समोर दिसत होता, ज्याला त्याला आपलं घर दिसत होतं. तरी एकही माणूस घरी गेला नाही. सगळे परत गाडीत चढले, दाटीवाटीने उभे राहिले, आणि तेवढ्याशा रस्त्यापुरते बसने घरी गेले.

निर्णयाची बैठक लोकांना खुली होती. मी आणि बाबा शेवटच्या रांगेत बसलो. विभागाच्या प्रमुख बाई चष्म्यावरून बघणाऱ्या, कामापुरतं बोलणाऱ्या. नवऱ्याने उभं राहून सगळे आकडे सांगितले. रिकाम्या बसपेक्षा हायब्रिड मोटार सरस, भरलेल्या बसपुढे तिचं काही चालत नाही, आणि सहा दिवसांची सरासरी काढली तर बस थोडी कमी पडते. बाबांचे हात गुडघ्यांवर होते. ते हलले नाहीत.

“शेवटच्या फेरीला एवढे लोक दिसतात,” बाई म्हणाल्या. “ते पूर्ण प्रवास बसमध्ये होते?”

“नाही,” नवरा म्हणाला. “खड्या वळणावर बस ओढेना. तिथे बसमध्ये एकही प्रवासी नव्हता.”

“मग कुठे होते?”

“रस्त्यावर. बस चढावी म्हणून चालत होते. वर गेल्यावर परत बसले.”

बाईंनी चष्मा काढला. “हे तुम्ही मोजलंत कसं?”

माझ्या नवऱ्याने, ज्याच्याकडे प्रत्येक गोष्टीचा आकडा असतो, हातातले कागद मिटले. “नाही मोजलं, बाई,” तो म्हणाला. “मी त्यांच्याबरोबर चालत होतो.”

बाईंनी चष्मा परत घातला. निर्णय नंतर कळवू म्हणाल्या. घरी येताना बाबांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला तो बस येईपर्यंत काढला नाही. त्या दिवशी आम्ही हायब्रिड घरीच ठेवली होती.

निर्णय यायला बरेच दिवस लागले. त्या दिवसांत बाबांचं जेवण निम्म्यावर आलं. गाडी रोज नेत, आणत. आणि दुपारच्या फेरीला मोटारवाला दिसला की तेवढं मात्र घरी येऊन आवर्जून सांगत.

मग एका संध्याकाळी आमचं जेवण होत आलं होतं तेव्हा नवऱ्याने सांगितलं. इतका वेळ कसं पोटात ठेवलं देव जाणे. “बाबा, टेकडीची बस राहतेय. रोजच्या सगळ्या फेऱ्या राहणार. गाडी मात्र नवी येतेय, लहान. हायब्रिड बस.”

बाबांनी हातातला घास खाली ठेवला. “उतारावर परत घेणारी?”

“उतारावर परत घेणारी.”

“खडं वळण भरलेली चढेल?”

“चढेल. कुणाला उतरावं लागणार नाही.” मग त्याचा आवाज जरा खाली आला. “तुमची जुनी गाडी भंगारात जाणार आहे. आणि तुमची निवृत्ती आता तोंडावर आलीय, म्हणून नव्या गाडीवर एक नवीन मुलगी घेतलीय. रस्ता तिला तुम्ही दाखवायचाय.”

“हो, दाखवीन की,” बाबा लगेच म्हणाले. “चांगलं झालं. फार चांगलं झालं. आजींना कळवायला पाहिजे.” ते उठले. हात धुवायला आत गेले आणि न्हाणीघराचं दार लावून घेतलं.

नळ सुटल्याचा आवाज आला. पूर्ण सोडलेला नळ, भांड्यावर धो धो. या माणसाने जन्मात कुठलीच गोष्ट वाया जाऊ दिली नव्हती. पाणी वाहतच राहिलं. मधेच त्या आवाजाखालून दुसरा आवाज यायचा, दाबलेला, आणि पुन्हा पाण्यात जायचा. माझा नवरा खुर्ची सरकवून उठायला लागला. मी त्याचं मनगट धरून त्याला खाली बसवलं.

“वाहू दे,” मी म्हटलं. “आज वाहू दे.”